दुसऱ्या ट्यूबचे काय झाले?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

दरवर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो. २०१९ पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने गेल्या अंकात मी वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना एकच प्रश्न विचारला होता: तुमच्या हातून किंवा तुमच्या डोळ्यांदेखत वॉर्डात चूक झाली, तर ती तुम्ही कोणाला सांगता? फार पत्रे येतील अशी आशा नव्हती, कारण हा विषय मेसमध्ये बोलला जातो, कागदावर उतरत नाही. तरीही पत्रे आली, आणि विद्यार्थ्यांबरोबर एक आई, एक निवृत्त शिक्षक आणि एक सिस्टर यांनीही लिहिले. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे देत आहे. पत्रलेखकांची व रुग्णालयांची नावे वगळली आहेत.

सर, मी पुण्यातील एका रुग्णालयात इंटर्न आहे. परवा पहाटे चारच्या सुमारास मला स्त्रीरोग विभागातील दोन रुग्णांचे रक्त क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाला जुळते का हे तपासण्यासाठी, काढायला सांगितले. दोघींचे आडनाव एकच आणि खाटा शेजारीशेजारी. मी दोन्ही नमुने काढले, ट्यूब ट्रेमध्ये ठेवल्या आणि टेबलाशी येऊन त्यांवर नावे लिहिली. सकाळी रक्तपेढीतून फोन आला की एका रुग्णाचा रक्तगट त्यांच्या जुन्या नोंदीशी जुळत नाही, नमुना पुन्हा पाठवा. रजिस्ट्रार (युनिटमधील वरिष्ठ निवासी डॉक्टर) सरांनी पुन्हा नमुना पाठवला, गट जुळला आणि विषय तिथेच संपला. मला कोणी काही विचारले नाही, मीही बोललो नाही. कोणालाही इजा झालेली नसताना हे सांगून काय साधणार? इंटर्नशिपच्या दाखल्यावर याच युनिटची सही हवी आहे. पण दोन रात्री झोप लागलेली नाही.
— एक इंटर्न

तुमचे पत्र वाचताना मला जो पहिला प्रश्न पडला, तो तुमच्या पत्रात कोठेही नाही. एका ट्यूबवर चुकीचे नाव पडले असेल, तर दुसऱ्या ट्यूबचे काय झाले?

रक्तपेढीला पहिली चूक सापडली, कारण त्या रुग्णाच्या गटाची जुनी नोंद तिच्याकडे होती. दुसरी रुग्ण त्या रुग्णालयात पहिल्यांदाच आलेली असेल, तर तिच्या नावाने आलेले रक्त तिचे नाही, हे रक्तपेढीला समजण्याचा काही मार्ग नव्हता. तिच्यासाठी शेजारणीच्या गटाची पिशवी तयार झाली असती, आणि पिशवीवरचे लेबल, केसपेपरवरचे नाव व क्रॉसमॅचचा अहवाल हे सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळले असते. रक्त चढवताना दोन सिस्टरांनी मिळून कितीही काळजीपूर्वक तपासले असते, तरी त्यांना काही सापडले नसते.

म्हणून अंकाच्या छपाईची वाट न पाहता मी त्याच दिवशी तुम्हाला कळवले आणि तुम्ही लगेच जाऊन युनिटमधील मॅडमना सांगितले. त्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली होती आणि तिला अद्याप रक्त चढवलेले नव्हते; तिचा नमुना पुन्हा घेतला तेव्हा गट वेगळा निघाला, असे तुम्ही नंतर लिहिलेत. तुमच्या परवानगीने हे येथे नोंदवत आहे, कारण "कोणालाही इजा झालेली नसताना सांगून काय साधणार" या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला देता आले नसते.

रक्तगट चुकण्याला आम्ही इतके का भितो, हे इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच असतात. ती तयार होण्यासाठी त्याला पूर्वी कधी परके रक्त मिळालेले असावे लागत नाही. अशा माणसाला ए गटाचे रक्त दिले, तर बाहेरून आलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटू लागतात. थंडी वाजून ताप येतो, कंबर दुखते, लघवी लालकाळी होते, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रुग्ण भुलीखाली असेल, तर यांतील निम्मी लक्षणे सांगायला तो जागाही नसतो. हे सगळे बहुतेक वेळा घडते ते एकाचे रक्त दुसऱ्याच्या नावाने गेल्यामुळे; त्यात प्रयोगशाळेच्या शास्त्राची चूक क्वचितच असते. भारतात १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे आणि रक्त चढवल्यानंतर झालेल्या दुष्परिणामांची नोंद त्यामार्फत नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्थेकडे होते. तुमच्या रक्तपेढीतील डॉक्टरांना या कार्यक्रमाविषयी अवश्य विचारा. बहुतेक इंटर्न तो विषय परीक्षेतील पर्यायी प्रश्नांपुरता वाचतात.

नमुना घेण्याची पद्धत तुम्हाला कोणी तरी नक्कीच सांगितली असेल, आणि पहाटे चार वाजता ती आठवली नसेल. रुग्णाला "तुम्हीच सुमनताई ना?" असे विचारू नये, कारण अर्धवट झोपेतील माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचे पूर्ण नाव सांगा" असे म्हणावे आणि ते केसपेपरशी व मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावे. रक्त काढल्यावर खाटेपासून हलण्याआधी ट्यूबवर नाव लिहावे, आणि ती ट्यूब हातावेगळी झाल्याशिवाय दुसऱ्या रुग्णाकडे वळू नये. ट्यूबवर आधीच नावे लिहून ठेवणे हीसुद्धा तीच चूक आहे, फक्त उलट्या दिशेने केलेली.

दाखल्याचे म्हणाल, तर त्यावर काहीच परिणाम होणार नाही असे आश्वासन मी तुम्हाला देऊ शकत नाही. मॅडमनी तुमचे ऐकून घेतले आणि आडनाव सारखे असलेल्या रुग्णांच्या खाटा वेगळ्या ठेवण्याची सूचना वॉर्डात लावली, असे तुम्ही लिहिता. सगळ्याच युनिटांत असे झाले नसते हे मलाही ठाऊक आहे. मात्र तुमच्या पत्रातील एका वाक्याने मी अधिक अस्वस्थ झालो: "पुन्हा नमुना पाठवला, गट जुळला आणि विषय तिथेच संपला." रजिस्ट्रारने तुम्हाला रागावले नाही, हे तुम्हाला त्या वेळी बरे वाटले असेल. त्याने विचारलेही नाही, ही मात्र फार वाईट गोष्ट झाली, कारण एक शब्दही न उच्चारता त्याने तुम्हाला शिकवले की चूक दुरुस्त झाली म्हणजे तिच्याविषयी बोलायचे नसते. बहुधा त्यालाही कोणी तरी असेच शिकवले असणार.

आमच्या वर्गाकडून रुग्णसुरक्षेविषयी एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. चूक वरिष्ठांना सांगावी, रुग्णालाही सांगावी, याला जवळजवळ सगळ्यांनी सहमती दिली. पण तीच मुले हॉस्टेलवर म्हणतात की ज्याचा अभ्यास पक्का आहे त्याच्या हातून चुका होत नाहीत, आणि चूक कबूल करणारा मूर्ख असतो. आमचे खरे मत कोणते समजायचे?
— तृतीय वर्ष एमबीबीएसची विद्यार्थिनी

दोन्ही मते खरीच आहेत. पहिले मत तुम्ही वर्गात शिकलात आणि दुसरे वॉर्डात.

अशा पाहणीसाठी अनेक देशांत वापरली जाणारी एक प्रश्नावली ब्रिटनमध्ये तयार झाली. तिच्यात २६ विधाने आहेत आणि ती नऊ गटांत विभागलेली आहेत: मिळालेले प्रशिक्षण, चूक कळवण्याचा आत्मविश्वास, कामाचे तास, चुकांची अटळता, चुकांचे कारण म्हणून अकार्यक्षमता, चूक उघड करण्याची जबाबदारी, संघाने काम करणे, रुग्णाचा सहभाग आणि अभ्यासक्रमातील या विषयाचे स्थान. तुमच्या वर्गाची एकूण बेरीज किती आली याला मी फारसे महत्त्व देणार नाही. एकाच मुलाने एकाच कागदावर "चुका अटळ आहेत" आणि "चुका म्हणजे अकार्यक्षमतेचे लक्षण" या दोन्ही विधानांपुढे "सहमत" अशी खूण केली आहे का, हे मी आधी शोधेन. तशी खूण करणारा मुलगा खोटे बोलत नसतो. चुका इतरांच्या हातून अटळपणे होतात आणि आपल्या हातून झाली तर आपण नालायक ठरतो, असे त्याला मनापासून वाटत असते.

मत आणि वागणूक यांच्यात किती अंतर असते, याचा एक जुना पण बोलका दाखला आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११४ निवासी डॉक्टरांना त्यांच्या हातून झालेली सर्वांत गंभीर चूक आठवून तिच्याविषयी लिहायला सांगितले होते. त्यांतील ५४ टक्के जणांनीच ती चूक आपल्या वरिष्ठांशी बोलून दाखवली होती, आणि रुग्णाला किंवा नातेवाइकांना सांगणारे अवघे २४ टक्के होते. नाव न देता लिहायचे असल्यामुळे त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहिले, म्हणजे प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता. तो वापरण्याची जागा मात्र रुग्णालयात सापडली नव्हती.

आता "अभ्यास पक्का असेल तर चूक होत नाही" या म्हणण्याकडे येऊ. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात ते १८ टक्क्यांवर गेले होते. शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट प्रसूतिकक्षात येतात, हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने हेरले आणि क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर आले. या गोष्टीतील जो भाग वर्गात सांगितला जात नाही तो असा, की ज्या विद्यार्थ्याने जास्त शवविच्छेदने केली, म्हणजे जो अधिक अभ्यासू होता, त्याच्याच हातांनी अधिक धोका वाहून नेला असणार. आणि सेमेलवाइसला सर्वांत कडवा विरोध झाला तो प्राध्यापकांकडून, कारण त्याचे म्हणणे मान्य करायचे तर आजवरचे मृत्यू आपल्या हातांनी झाले हे मान्य करावे लागणार होते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी चुकांविषयी भोके असलेल्या चीजच्या कापांचे चित्र दिले. प्रत्येक काप म्हणजे एक संरक्षण आणि प्रत्येकात कोठे ना कोठे भोक असतेच. सगळी भोके एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. आपल्याकडे जाळीदार आंबोळ्यांची चळत डोळ्यांपुढे आणली तरी चालेल. वरच्या पत्रातील इंटर्नची घटना या चित्रात बसवून पाहा: पहाटेची वेळ, एकटा इंटर्न, सारखी आडनावे, शेजारच्या खाटा, टेबलावर लिहिलेली नावे. शेवटच्या आंबोळीला योगायोगाने भोक नव्हते, कारण रक्तपेढीकडे एका बाईची जुनी नोंद होती.

या चित्राचा गैरवापरही होतो, तोही सांगायला हवा. "व्यवस्थेचा दोष" असे म्हणून हात झटकणारे मला अलीकडे बरेच भेटतात. थकव्यामुळे ट्यूबची अदलाबदल झाली हा व्यवस्थेचा दोष आहे, हे मी मान्य करतो. अदलाबदल झाल्याची शंका आल्यावर गप्प बसणे हा मात्र ज्याचा त्याचा निर्णय असतो. कायदाही असाच काहीसा भेद करतो. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले की निर्णय चुकणे किंवा अपघात होणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही, आणि फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो.

२०१९ च्या तुकडीपासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी एटकॉम नावाचा स्वतंत्र भाग आहे, तो तुम्ही शिकत असालच. मला तो आवडतो. पण एटकॉमच्या तासाला जे कमावले जाते, ते सकाळच्या राउंडला दोन मिनिटांत पुसले जाऊ शकते. राउंडवर एखाद्या मुलाने "सर, कालचा रिपोर्ट मी बघायचा राहिला" असे म्हटल्यावर सर काय म्हणतात, त्यावर मागे उभी असलेली दहा मुले पुढची तीस वर्षे काय करणार हे ठरते. तुमच्या पाहणीत सत्ताविसावे विधान घालायला मिळाले असते, तर मी हे घातले असते: "आमच्या युनिटमध्ये सर्वांत अलीकडे ज्याने चूक सांगितली, त्याचे पुढे काय झाले हे मला माहीत आहे."

माझी मुलगी पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. ती कधी कधी सलग छत्तीस तास काम करते आणि घरी आल्यावर जेवतानाच डुलक्या घेते. अशा अवस्थेत मुलांच्या हातून चुका होणारच, मग त्यांनाच का बोल लावता? आई म्हणून मी काय करावे?
— एक आई, कोथरूड

ताई, तुमचे म्हणणे अगदी रास्त आहे आणि त्याला चांगला पुरावा आहे. बॉस्टनमधील अतिदक्षता विभागांत झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या लांबलचक पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या इंटर्नच्या हातून, कमी तासांच्या वेळापत्रकाच्या तुलनेत, गंभीर चुका सुमारे ३६ टक्के अधिक झाल्या. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरविषयक सूचनेत सर्वसाधारणपणे सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असे म्हटलेले आहे. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीत मात्र "वाजवी तास" असा शब्दप्रयोग आला. वाजवी म्हणजे किती, हे ठरवणारा माणूस बहुधा रात्रभर झोपून उठलेला असतो.

तास कमी केले की काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवण्याच्या वेळा वाढतात आणि चुका तिथेही होतात. पाळी बदलताना "सगळे स्टेबल आहेत, सातकडे लक्ष ठेव" एवढे सांगून निघून जाण्याची आपल्या वॉर्डांतील रीत तुमच्या मुलीलाही ठाऊक असेल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांनी ही सोपवणूक ठरावीक क्रमाने केली: आजार किती गंभीर आहे, रुग्णाची थोडक्यात माहिती, करायची कामे, काय बिघडू शकते, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगणे. चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागले नव्हते.

घरातल्याविषयी एकच सुचवतो. एखाद्या रात्री मुलगी तुम्हाला आपल्या हातून काही तरी चुकल्याचे सांगेल. तेव्हा आईच्या तोंडून सहज निघणारा प्रश्न असतो, "तुझ्यावर काही येणार नाही ना?" तो गिळून टाका आणि आधी "पेशंट कसा आहे?" असे विचारा. तिला तेच विचारले जायला हवे असते. चुकीनंतर डॉक्टरची जी अवस्था होते, तिला २००० साली अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरने "दुसरा बळी" असे नाव दिले. पहिला बळी अर्थातच रुग्ण. मुलगी बरेच दिवस नीट जेवत नसेल, ड्यूटीवर जायला घाबरत असेल किंवा "मी डॉक्टर व्हायला लायकच नाही" असे म्हणू लागली असेल, तर ते नुसते थकव्यावर ढकलू नका आणि वेळ न घालवता तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. डॉक्टरच्या आईला हे सांगणे अवघड जाते, कारण तिला वाटते की मुलगी स्वतःच डॉक्टर आहे.

प्रत्येक रुग्णालयाने वर्षभरात झालेल्या चुकांचा आकडा दर्शनी फलकावर लावावा, म्हणजे कोठे जावे हे आम्हाला ठरवता येईल. शिवाय शिकाऊ मुलांनी आमच्यावर हात साफ करावा काय, याचेही उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावे.
— एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

सर, तुम्ही सुचवता तसे एका डॉक्टरने खरोखरच केले होते. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांचा हिशेब छापला आणि त्यांत १२३ चुका झाल्याचे स्वतःच जाहीर केले. इतरांनीही असे करावे असा त्यांचा आग्रह होता. त्यातून त्यांची कीर्ती वाढली ती मृत्यूनंतर. जिवंतपणी मित्र तेवढे कमी झाले.

तरीही फलकावरच्या आकड्यावरून तुम्ही रुग्णालय निवडलेत, तर चुकीच्या दारात जाण्याची शक्यता आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९६ मध्ये औषधांच्या चुकांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या नेतृत्वाखालील, एकजुटीने काम करणाऱ्या विभागांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे अधिक चुका नोंदलेल्या आढळल्या. तिथले लोक जास्त चुकत होते असे नव्हे, ते न घाबरता सांगत होते. ज्या फलकावर शून्य लिहिलेले असेल, तेथून मी स्वतः तरी पाय काढता घेईन.

शिकाऊ मुलांविषयी स्पष्ट शब्दांत सांगायचे, तर हो, ती तुमच्यावरच शिकणार, कारण तुमच्यासारख्यांवरच मीही शिकलो. पण देखरेखीशिवाय नव्हे, आणि तुमच्या संमतीशिवाय तर मुळीच नव्हे. "तुम्ही कोणत्या वर्षाला आहात, हे काम याआधी केले आहे का, आणि तुमच्याबरोबर कोण आहे?" असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला हा प्रश्न कोणत्या सुरात विचारायचा, ते मी सांगायला नको.

मी बावीस वर्षे स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात इन्सुलिनच्या पेनची सुई संपली म्हणून एका इंटर्न डॉक्टरांनी पेनच्या कार्ट्रिजमधले (आतल्या औषधाच्या नळीतले) इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत ओढले. मी थांबवले, तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, डोस मला माहीत आहे." नंतर त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी सिरिंज टाकून दिली, पण मला काही म्हटले नाही. त्यांचा अपमान न होता चूक दाखवायची कशी?
— एक सिस्टर, हडपसर

सिस्टर, तुमचा हिशेब बाकीच्या वाचकांसाठी मांडतो. लाल टोपीची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये बहुधा एका मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि त्यासाठीच्या सिरिंजची टोपी नारिंगी असते. लाल टोपीच्या सिरिंजमधील विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, म्हणजेच कार्ट्रिजमधले पन्नास युनिट. विसाऐवजी पन्नास. डॉक्टरांना डोस खरोखरच माहीत होता. फक्त त्यांच्या हातातल्या सिरिंजला तो माहीत नव्हता.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मला कितपत अधिकार आहे, याविषयी मी साशंक आहे, त्याचे कारण असे. मी निवासी डॉक्टर असताना एका रात्री इन्सुलिनचे ६ युनिट लिहिले आणि युनिटसाठीचे इंग्रजी यू हे अक्षर सहाला इतके चिकटवून काढले, की त्याचे वरचे तोंड मिटून शून्य झाले. नव्याने आलेल्या सिस्टरांनी साठ युनिट दिले. पहाटे पाणी भरायला आलेल्या मावशींना रुग्ण घामाने थबथबलेला आणि हाकेला ओ न देणारा दिसला. त्यांनी आरडाओरडा केला म्हणून पंचवीस टक्के ग्लुकोज वेळेत गेले आणि तो माणूस चार दिवसांनी चालत घरी गेला. चौकशी झाली. सिस्टरांना मेमो मिळाला, कारण त्यांनी ऑर्डर नीट वाचली नव्हती. मी मेट्रनच्या खोलीबाहेर उभा होतो, आतले सगळे ऐकू येत होते, केसपेपर माझ्याच हातात होता, आणि मी आत गेलो नाही. आमच्या सरांनी नंतर माझ्या पाठीवर थाप मारून "होते असे" म्हटले. "युनिट" हा शब्द पूर्ण लिहावा हे मी त्यानंतर प्रत्येक तुकडीला शिकवले. तसे का लिहावे, हे मात्र आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तेव्हा अपमान टाळून चूक कशी दाखवावी, हे मी माझ्याबरोबर काम केलेल्या सिस्टरांकडून जे शिकलो तेच सांगतो. "तुमचे चुकते आहे" असे म्हटले की नवा डॉक्टर आपल्या ज्ञानाचा बचाव करू लागतो. त्याऐवजी त्याला वाचायला लावावे: "डॉक्टर, कार्ट्रिजवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकदा मोठ्याने वाचता का? मला चार्टवर लिहायचे आहे." डोळ्यांनी पाहिलेली चूक सुटते, पण तोंडाने उच्चारलेली बहुधा कानाला खटकते. एवढ्याने भागले नाही, तर दुसऱ्यांदा स्पष्ट शब्दांत सांगावे: "हा डोस अडीचपट होतो आहे, मला काळजी वाटते." तरीही ऐकले नाही, तर इंजेक्शन देऊ नये, देऊही देऊ नये, आणि लेक्चररना, म्हणजे युनिटमधील वरिष्ठ डॉक्टरांना, फोन करावा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. फोन उचलणारा चिडला तर चिडू द्यावा. हे सगळे रुग्णाच्या खाटेपासून दोन पावले बाजूला होऊन बोलता आले तर उत्तम, पण सुई टोचायला आलेली असताना बाजूला जाण्याची वाट पाहू नये.

सिरिंज टाकून दिलेली असली, तरी घटना लिहून ठेवा. तुमच्या रुग्णालयात अशा घटनांचा फॉर्म असेल तर तो भरा, नसेल तर मेट्रनना साध्या कागदावर द्या. त्यात इंटर्नच्या नावापेक्षा पेनच्या सुया वॉर्डात केव्हापासून संपलेल्या होत्या, ही नोंद अधिक उपयोगी पडेल.

आणि त्या डॉक्टरांनी तुम्हाला अजूनही काही म्हटले नसेल, तर हा अंक ड्यूटी रूमच्या टेबलावर याच पानाशी उघडा ठेवायला माझी काही हरकत नाही.